ध्रुवप्रदेशाचा उष्मा आणि झाडीपट्टीचा पाऊस

प्रश्नाची मांडणी

उत्तर ध्रुवाभोवतीचा प्रदेश तापत आहे, तेथील समुद्रावरील बर्फाचे आच्छादन आक्रसत आहे आणि त्याचा परिणाम आपल्या नैर्ऋत्य मान्सूनवर होत आहे, अशा आशयाचा मजकूर गेल्या पंधरा-वीस वर्षांत वर्तमानपत्रांतून इतक्या वेळा छापून आला आहे की, समुद्रापासून शेकडो मैल आत, गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकास वसलेल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील धानउत्पादकासही आता त्याचे नावीन्य उरलेले नाही. परंतु हे एक विधान नसून त्यात परस्परांपासून बरीच भिन्न अशी अनेक विधाने गुंफलेली आहेत. त्यांपैकी काहींना मोजमापाचा भक्कम आधार आहे, काहींना केवळ तर्काचा आहे, आणि काहींच्या बाबतीत तर परिणाम किती होईल यावरच नव्हे, तो कोणत्या दिशेने होईल यावरही तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. ही विधाने सुटी करून प्रत्येकामागचा पुरावा कोठवर पोहोचतो ते पाहावे, एवढाच या आढाव्याचा हेतू आहे.

कसोटीसाठी झाडीपट्टीतील अर्जुनी मोरगाव निवडण्याचे कारण असे की, येथे ध्रुवाचा संबंध पोहोचण्याची वाट एकच आहे. ग्रीनलंडवरील सारे बर्फ वितळले तर जगातील समुद्रांची पातळी सुमारे ७ मीटरने वाढेल, हा हिशेब मुंबईच्या, कोकणपट्टीच्या आणि गोव्याच्या दृष्टीने कितीही गंभीर असला, तरी इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रातील धानाच्या बांधीला समुद्राचे पाणी लागण्याचा संभव नाही. येथे जे काही व्हायचे ते पावसाच्या द्वारेच होणार. या भागात वर्षाकाठी सरासरीने १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, मुख्यतः बंगालच्या उपसागरात जन्मून वायव्येकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांबरोबर येतो. हा पाऊस भरपूर असला तरी वेळेवर पडेलच असा नाही, ही गोष्ट येथील पूर्वजांनी पुरती ओळखली होती. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधल्या खिंडी बांधून सिद्ध केलेला नवेगाव बांधचा जलाशय, आणि गावोगावी पसरलेले माजी मालगुजारी तलाव व बोड्या, ही त्या ओळखीचीच दृश्य रूपे होत. ज्या पाटलाने हा बांध घातला त्याला लोकांनी पुढे कोलासुर म्हणून देवत्व दिले, यावरून पाणी अडविण्याच्या कामाची येथील किंमत ध्यानात यावी.

उत्तरेशी या तालुक्याचे आणखीही काही ऋणानुबंध आहेत. हिवाळ्यात नवेगाव बांधच्या पाण्यावर उतरणारे तलवार बदक उत्तर युरेशियात, थेट सैबेरियाच्या टुंड्रापर्यंतच्या मुलखात वीण करतात. पट्टकादंब हंस तिबेट व मंगोलियातील सरोवरांवरून येतात. आणि गोठणगावाजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत नांदत आहे. त्यांच्या मूळ पठारास हिमनद्यांच्या विपुलतेमुळे भूगोलवेत्ते ‘तिसरा ध्रुव’ म्हणतात, आणि मान्सूनच्या वादात या तिसऱ्या ध्रुवाचा प्रवेश इतर दोहोंच्या कितीतरी आधी झाला.

पूर्वपीठिका

ध्रुवप्रदेशाचे हवामान पालटू शकते हा विचार मराठी वाचकाच्या कानावर ठळकपणे आला तो वेदविद्येच्या मार्गाने. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या इंग्रजी ग्रंथात असे प्रतिपादन केले की, शेवटच्या हिमयुगापूर्वी ध्रुवप्रदेश सौम्य हवामानाचा व मनुष्यवस्तीस योग्य होता, आणि बर्फाच्या आक्रमणामुळे तेथील लोकांना दक्षिणेकडे सरकणे भाग पडले. त्यातील मूळ वसतिस्थानाचा सिद्धांत आज पुरातत्त्वज्ञ किंवा हिमयुगाचे अभ्यासक स्वीकारीत नाहीत; तथापि तत्कालीन भूगर्भशास्त्रज्ञांचे कालनिर्णय तोलून पाहून, ध्रुवाचे थंडगारपण ही सनातन वस्तुस्थिती नव्हे, असे गृहीत धरण्याची जी बैठक त्यांनी घेतली ती आजच्या चर्चेतही कायम आहे. त्याच्या सातच वर्षे आधी, १८९६ मध्ये, स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते आर्हेनियस यांनी हवेतील कर्बवायूचे प्रमाण वाढल्यास तापमान किती वाढेल याचे गणित हातांनी मांडले होते, आणि ही वाढ विषुववृत्तापेक्षा उच्च अक्षांशांवर अधिक होईल असा निष्कर्ष काढला होता. सव्वाशे वर्षांनंतर हा निष्कर्ष मोजमापाने खरा ठरला आहे.

हिंदुस्थानातील विचाराची परंपरा याहून स्वतंत्र आहे आणि तिचा उगम दुष्काळात आहे. १८७७ च्या अवर्षणाने दक्षिणेत जो हाहाकार माजविला त्यानंतर सरकारने हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे पावसाचा अंदाज आगाऊ मागितला. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलेले गृहीतक असे की, हिवाळ्यात व वसंतात हिमालयावर बर्फ जास्त पडले तर ते वितळविण्यातच उन्हाळ्याची उष्णता खर्ची पडते, पठार थंड राहते, वायव्येकडून कोरडे वारे वाहतात आणि पाऊस कमी पडतो. पुढे १९०४ ते १९२४ या काळात खात्याची धुरा वाहणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांनी मे महिनाअखेरचे हिमालयातील बर्फ हे आपल्या अंदाजाच्या समीकरणात एक पद म्हणून घेतलेच, पण जगभरातील दाब, तापमान व पाऊस यांच्या आकड्यांची परस्परांशी तुलना करता करता त्यांना प्रशांत महासागरावरील दाबाच्या आंदोलनाचा शोध लागला, आणि अभ्यासकांचे लक्ष हळूहळू बर्फाकडून उष्ण समुद्रांकडे वळले.

याच खात्यातील जॉर्ज सिम्प्सन या अधिकाऱ्याने स्कॉटच्या १९१० च्या दक्षिण ध्रुव मोहिमेत हवामानशास्त्रज्ञ म्हणून काम केले, १९१२ मध्ये तो सिमल्यास आपल्या नोकरीवर परतला, आणि अंटार्क्टिकाच्या हवामानावरील त्याचा प्रचंड ग्रंथ १९१९ मध्ये कलकत्त्यास छापला गेला. दक्षिण ध्रुवाच्या हवामानाचे हे पायाभूत दफ्तर हिंदुस्थानात मुद्रित व्हावे, हा योगायोग फारसा कोणाच्या स्मरणात राहिलेला दिसत नाही. १९२८ मध्ये खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास हलले. शिवाजीनगरातील त्या इमारतीस पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. १९६२ मध्ये पुण्यातच उष्णकटिबंधीय हवामानाच्या अभ्यासासाठी वेगळी संस्था निघाली, आणि ध्रुवीय संशोधनासाठीची राष्ट्रीय संस्था १९९८ मध्ये गोव्यात वास्को येथे स्थापन झाली. या प्रश्नावरील भारतीय वादाची दोन्ही प्रमुख केंद्रे अशा रीतीने मराठी-कोकणी मुलखात आहेत.

ध्रुवांवर प्रत्यक्ष काय घडले

उत्तर ध्रुवसमुद्राच्या बर्फाची अखंड नोंद उपग्रहांमुळे १९७८ च्या अखेरीपासून मिळू लागली. उन्हाळा संपताना, म्हणजे सप्टेंबरात, हे आच्छादन सर्वांत कमी असते. १९७९ मध्ये ते सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर होते आणि २०१२ च्या सप्टेंबरात नीचांकाच्या दिवशी सुमारे ३४ लाखांवर आले. नंतर तो नीचांक मोडला गेला नाही. गेल्या वीस वर्षांत सप्टेंबरातील बर्फाची घट जवळजवळ थांबली आहे, असे दाखविणारा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक मात्र हा नैसर्गिक चढउतारांनी दिलेला तात्पुरता अवकाश मानतात, मूळ कारण दूर झाल्याचे चिन्ह मानीत नाहीत.

तापमानवाढीविषयी मतभेद आहे तो तिच्या प्रमाणाचा. ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या दुप्पट वेगाने तापत आहे असे बराच काळ लिहिले जात असे; फिनलंडच्या हवामान संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये १९७९ पासूनच्या नोंदी तपासून हा वेग जवळजवळ चौपट असल्याचे दाखविले, आणि संगणकीय प्रारूपांतून इतका वेग क्वचितच निघतो हेही निदर्शनास आणले. ध्रुवप्रदेशाची सीमा कोणत्या अक्षांशावर धरावी आणि गणना कोणत्या वर्षापासून करावी यावर हे गुणोत्तर पुष्कळसे अवलंबून आहे. शिवाय १९२० व १९३० च्या दशकांतही स्वालबार व त्याच्या आसपास लक्षणीय तापमानवाढ झाली होती, तिच्यात नैसर्गिक चक्रांचा वाटा किती होता हे अजून पूर्णतः उलगडलेले नाही, आणि म्हणून आजच्या चौपटीतही असा काही वाटा असावा असे मानणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. वाढीचे मूळ कारण मनुष्यनिर्मित वायू आहेत, याबद्दल मात्र जबाबदार अभ्यासकांत आता दुमत राहिलेले नाही.

ही वाढ ध्रुवावरच इतकी का, याचे उत्तर शाळेच्या पुस्तकांत एका वाक्यात सापडते: शुभ्र बर्फ सूर्यप्रकाश परतवतो, उघडा पडलेला काळसर समुद्र तो शोषतो. हे खरे आहे, पण अपुरे आहे. उष्ण कटिबंधात जमिनीवरची ऊब वर चढणाऱ्या हवेबरोबर उंच वातावरणात जाते व तेथून अवकाशात निसटते. ध्रुवावर थंड, जड हवा जमिनीलगत थिजून राहते, त्यामुळे वाढीव उष्णता खालच्या थरातच कोंडली जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या विश्लेषणानुसार या दुसऱ्या कारणाचा वाटा पहिल्याहून मोठा निघतो. उन्हाळ्यात मिळालेली उष्णता बर्फ वितळविण्यात आणि समुद्र तापविण्यात खर्ची पडते व शरदात-हिवाळ्यात ती हवेत परतते, म्हणून ध्रुवाची तापमानवाढ हिवाळ्यात सर्वाधिक आणि उन्हाळ्यात सर्वांत कमी दिसते. पुढील वादात हा मुद्दा कळीचा ठरतो.

स्वालबार द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुन येथे, ७९ अंश उत्तर अक्षांशावर, भारताचे ‘हिमाद्री’ हे ठाणे जुलै २००८ पासून चालू आहे. त्याच्या समोरची खाडी पूर्वी हिवाळ्यात दूरवर गोठत असे. २००६ च्या सुमारापासून अटलांटिकचे कोमट पाणी आत शिरू लागले आणि आता कित्येक हिवाळ्यांत तिचा मोठा भाग मोकळाच राहतो. त्याच द्वीपसमूहात, कायम गोठलेल्या डोंगराच्या पोटात, जगभरच्या पिकांच्या बियाण्यांचे कोठार २००८ मध्ये उघडले गेले आणि फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने भाताचे हजारो वाण तेथे ठेव म्हणून पाठविले. २०१६ च्या ऑक्टोबरात तेथे बर्फ पडण्याऐवजी पाऊस झाला आणि पाणी कोठाराच्या बोगद्याच्या तोंडाशी आत शिरून गोठले. बियाण्यास धक्का लागला नाही, परंतु जी थंडी कायमची गृहीत धरून हे बांधकाम झाले होते तिच्यावर विसंबता येत नाही असे दिसून आल्याने नॉर्वे सरकारला तो बोगदा नव्याने बांधावा लागला. २० जून २०२० रोजी सैबेरियातील वेर्खोयान्स्क येथे पारा ३८ अंश सेल्सिअसवर गेला, म्हणजे ध्रुववृत्ताच्या उत्तरेस अकोल्या-गोंदियाच्या मार्चअखेरीचे ऊन पडले.

दक्षिण ध्रुवाची हकीकत वेगळी आहे. तेथील समुद्रबर्फ २०१४ पर्यंत किंचित वाढत होते, २०१६ पासून ते एकाएकी घसरले व फेब्रुवारी २०२३ मध्ये उपग्रहांच्या काळातील तोवरच्या नीचांकास पोहोचले. ही घसरण म्हणजे नव्या राजवटीचा आरंभ की दीर्घ आंदोलनाचा एक हेलकावा, हे सांगण्यास नोंदींची मुदत अपुरी आहे. प्रस्तुत प्रश्नात उत्तर ध्रुवाचाच संबंध अधिक येत असल्याने दक्षिणेचा विचार येथेच थांबवू.

हिमाच्छादनाचे गृहीतक

ब्लॅनफर्ड यांच्या कल्पनेला नवा जन्म मिळाला १९७६ मध्ये, जेव्हा हान आणि जगदीश शुक्ल यांनी उपग्रहांच्या तुटपुंज्या नोंदींवरून दाखविले की, युरेशिया खंडावर हिवाळ्यात बर्फ जास्त असेल तर पुढचा मान्सून कमजोर असतो. यामागचा तर्क सरळ होता: मान्सूनचे इंजिन जमीन आणि समुद्र यांच्या तापमानभेदावर चालते, बर्फ कमी तर जमीन लवकर तापते, भेद वाढतो, पाऊस वाढतो. वसंत गोवारीकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८८ मध्ये तयार झालेल्या हवामान खात्याच्या प्रसिद्ध सोळा घटकांच्या प्रारूपात हिमालयाचे व युरेशियाचे हिमाच्छादन हे दोन्ही घटक समाविष्ट होते. पुढील चौदा वर्षे त्या प्रारूपाचा लौकिक मोठा होता. २००२ मध्ये पाऊस सरासरीच्या १९ टक्के कमी झाला, अंदाज मात्र सर्वसाधारण पावसाचा होता. त्यानंतर त्या घटकांची फेरतपासणी झाली व कित्येक पदे गळाली. बर्फ आणि पाऊस यांचा व्यस्त संबंध गेल्या तीन दशकांत क्षीण झाला, काही कालखंडांत तर उलटा दिसतो, हे आता बहुतेकांना मान्य आहे.

तिबेटच्या पठाराविषयीही अशीच जुनी श्रद्धा डळमळली आहे. उन्हाळ्यात तापणारे पठार हे मान्सूनची भट्टी होय, ही मांडणी अनेक दशके पाठ्यपुस्तकांतून चालत आली. २०१० मध्ये बूस आणि क्वांग यांनी संगणकीय प्रयोगात पठार काढून टाकले, केवळ हिमालयाची अरुंद भिंत ठेवली, आणि दक्षिण आशियाचा मान्सून तरीही जवळजवळ तसाच उभा राहिला. त्यांच्या मते पर्वताचे काम उष्णता देण्याचे नसून उत्तरेकडील थंड, कोरडी हवा अडवून धरण्याचे आहे. चीनमधील अभ्यासकांनी यास जोरदार हरकत घेतली, भिंतीच्या उतारावरील तापणे हेच खरे इंजिन आहे असे प्रतिपादन केले, आणि तो वाद मिटलेला नाही. व्यवहारातील फरक असा की, पहिली मांडणी खरी असेल तर तिबेटची तापमानवाढ मान्सूनला बळ देईल. दुसरी खरी असेल तर तिचा मान्सूनवर फारसा परिणाम होणार नाही, मग हिंदुकुश-हिमालय प्रदेश १९५१ ते २०१४ या काळात सुमारे १.३ अंशांनी तापला ही गोष्ट नद्यांच्या दृष्टीने कितीही चिंतेची असो. आणि हा तालुका ज्या वैनगंगेच्या खोऱ्यात येतो त्याला हिमनदीचे पाणी मिळत नाही, त्यामुळे अर्जुनी मोरगावला नद्यांच्या बाजूचा हा तोटाही थेट भोगावा लागणार नाही.

कारा समुद्र आणि सप्टेंबरचा पाऊस

अलीकडच्या वादाचा केंद्रबिंदू उंचावरील वाऱ्यांचा प्रवाह हा आहे. फ्रान्सिस आणि वाव्रस यांनी २०१२ मध्ये मांडले की, ध्रुव आणि मध्य अक्षांश यांच्यातील तापमानभेद कमी झाल्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा हा प्रवाह मंदावतो, त्यास मोठी वळणे पडतात, आणि एकाच ठिकाणी दीर्घकाळ उन्हाळा, थंडी वा पाऊस रेंगाळतो. पुढच्याच वर्षी बार्न्स यांनी त्यांच्या मापनपद्धतीवर आक्षेप घेतला. २०२० पर्यंत परिस्थिती अशी झाली की, प्रत्यक्ष निरीक्षणांकडे पाहणारे अभ्यासक संबंध आहे म्हणत, प्रारूपांकडे पाहणारे तो नगण्य आहे म्हणत. २०२२ मध्ये सोळा प्रारूपांनी एकाच पद्धतीने, केवळ समुद्रबर्फ कमी करून, केलेल्या प्रयोगाचा निकाल उभय पक्षांना अर्धाअर्धा मिळाला: वाऱ्यांवर परिणाम होतो, सर्व प्रारूपांत एकाच दिशेने होतो, पण तो क्षीण असतो. आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानेही या दुव्यावर अल्प विश्वासच नोंदविला आहे.

भारताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास गोव्यातील ध्रुवीय संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेस असलेल्या कारा समुद्रावरील उन्हाळ्यातील बर्फ ज्या वर्षी कमी असते, त्या वर्षी मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टीच्या घटना वाढतात, असे त्यांना आढळले. त्यांनी सुचविलेली साखळी अशी: उघडा पडलेला समुद्र वर हवेचे अभिसरण बदलतो, त्यामुळे वायव्य युरोपवर उच्च दाबाचे क्षेत्र बसते, त्यातून निघालेली वातलहर उपोष्ण आशिया व वायव्य भारतापर्यंत वरच्या थरात पोहोचते, आणि तेवढ्यात अरबी समुद्र उष्ण असेल तर तो या हालचालीस बाष्प पुरवितो. मुख्य मान्सूनऐवजी हंगामाच्या शेपटीस हात घातल्यामुळे हा अभ्यास पूर्वीच्या गृहीतकांहून अधिक नेमका आहे, आणि झाडीपट्टी ज्या मध्य भारतात मोडते त्याच भागाविषयी तो बोलतो.

त्यावरील शंकाही तितक्याच रास्त आहेत. कारा समुद्राचे बर्फ घटत आहे आणि मध्य भारतातील अतिवृष्टी वाढत आहे. ज्या दोन गोष्टी एकाच काळात एकाच दिशेने चालल्या आहेत त्यांचा सहसंबंध आकड्यांत निघणारच, मग त्या परस्परांवर अवलंबून असोत वा तिसऱ्याच कारणाने दोन्ही घडत असोत. उष्ण समुद्रांवरील पावसाच्या हालचाली ध्रुवाकडे लहरी पाठवून तेथील बर्फावर परिणाम घडवितात हेही ज्ञात आहे, तेव्हा साखळीचे टोक कोणते आणि मूळ कोणते हाही प्रश्न राहतोच. ध्रुवाची अतिरिक्त ऊब उन्हाळ्यात अल्प असते, हा आधी सांगितलेला मुद्दा शंकाखोरांच्या बाजूस जातो. सप्टेंबर हा बर्फाच्या नीचांकाचा महिना असल्याने या विशिष्ट सिद्धांताच्या बाबतीत त्याची धार काहीशी बोथट होते, इतकेच. लेखकांनीही आपल्या लेखाच्या शीर्षकात ‘संभाव्य संबंध’ असेच म्हटले आहे. वर्तमानपत्री मथळ्यांतून त्यातील ‘संभाव्य’ हा शब्द तेवढा गळून पडला.

अटलांटिकची वाट आणि उष्ण समुद्रांचा पक्ष

आणखी एक मार्ग सागरी आहे आणि त्याची दिशा वरील मार्गांच्या विरुद्ध आहे. अरबी समुद्राच्या तळातील गाळाचे थर तपासून अनिल गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले की, गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा थंडावला तेव्हा तेव्हा नैर्ऋत्य मान्सून दुर्बल झाला. ग्रीनलंडचे गोडे पाणी अटलांटिकमध्ये मिसळून तेथील खोल अभिसरण मंदावले, तर जग तापत असतानाही अटलांटिकचा उत्तर भाग तुलनेने थंड पडेल आणि मान्सूनला ओढ लागेल, अशी भीती यातून निघते. म्हणजे ध्रुवाच्या वितळण्याचा एक परिणाम पाऊस वाढविणारा व दुसरा तो घटविणारा, आणि दोहोंत वरचढ कोण, याचा निवाडा आजच्या ज्ञानाने करता येत नाही. अटलांटिकचे अभिसरण उपकरणांनी सलग मोजण्यास २००४ मध्येच प्रारंभ झाला, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

याउलट एक मोठा पक्ष असा आहे की, भारतातील पावसाचे बदल समजण्यासाठी ध्रुवापर्यंत जाण्याची गरजच नाही. पुण्याच्या संस्थेतील गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारतातील मुसळधार पावसाच्या घटना वाढत आहेत व मध्यम पावसाच्या घटत आहेत हे सिद्ध केले. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टी तिपटीने वाढल्याचे दाखवून तिचा संबंध तापणाऱ्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या उसळीशी जोडला. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्पधारणा सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र तर निर्विवादच आहे. हंगामाचा एकूण पाऊस १९५१ ते २०१५ या काळात सुमारे ६ टक्क्यांनी घटला, त्याचेही स्पष्टीकरण या पक्षाजवळ आहे: धूर, राख व कारखानदारीच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडविला आणि जमीन पुरेशी तापली नाही. प्रस्तुत लेखकास या पक्षाचा पुरावा तूर्त अधिक सलग वाटतो. मात्र तो ध्रुवाच्या दुव्याचे खंडन करीत नाही, त्याला दुय्यम ठरवितो. पुण्याच्याच कृष्णकुमार यांनी १९९९ मध्ये एल निनो आणि मान्सून यांचा संबंध सैल झाल्याचे दाखविताना युरेशियाच्या तापण्याकडे बोट केले होते, तेव्हा उत्तरेचा धागा उष्ण समुद्रांच्या अभ्यासकांनीही पूर्णपणे सोडलेला नाही.

बांधीवरून पाहता

हा वाद अर्जुनी मोरगावच्या बांधीवर आणून ठेवला म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. हंगामाची सरासरी ६ टक्क्यांनी घटली की वाढली याला येथे फारसा अर्थ नाही. पाऊस वेळेवर पडतो की नाही याला अर्थ आहे, आणि पहिली नाजूक वेळ रोवणीची: पऱ्हे (धानाची रोपे) टाकल्यापासून तीन-साडेतीन आठवड्यांत रोवणी झाली पाहिजे. चिखलणीपुरते पाणी बांधीत साचले नाही तर पऱ्हे म्हातारे होतात, मग रोवणी झाली तरी फुटवे कमी येतात, आणि पुढे पाऊस कितीही चांगला झाला तरी ही तूट भरून येत नाही. दुसरी नाजूक वेळ सप्टेंबरात येते, आणि येथे कारा समुद्राच्या सिद्धांताची गाठ पडते. हलके धान तेव्हा फुलोऱ्यात वा दाणे भरण्याच्या अवस्थेत असते. त्या वेळची अतिवृष्टी त्यास आडवे करते, पाठोपाठ दमट हवेत तुडतुडे आणि करपा येतात, आणि पाऊस ऑक्टोबरात लांबला तर कापलेल्या कडपा बांधीतच भिजून दाण्यांना कोंब फुटतात. पण शेजारच्या बांधीत भारी धान असेल तर त्यास सप्टेंबरअखेरचे, हत्ती नक्षत्राचे पाणी हवेच असते, आणि ज्या गावाला उन्हाळी धान घ्यावयाचे असते ते गाव तर तलावाचा सांडवा वाहताना पाहण्यासाठी त्याच पावसाची वाट पाहत असते. एकच झड एकाच शिवारात कोणाचे नुकसान करते आणि कोणाची भर करते. सप्टेंबरात अतिवृष्टी वाढेल हे भाकीत खरे ठरले तरी त्याचा जमाखर्च गावागणिक वेगळा मांडावा लागेल.

मध्य भारत म्हणून संशोधक जो चौकोन आखतात तो गुजरातच्या सीमेपासून ओडिशापर्यंत पसरलेला असतो. जागतिक प्रारूपांच्या एका घरात, सुमारे शंभर किलोमीटर लांबी-रुंदीच्या, गोंदिया व भंडारा हे दोन जिल्हे जवळजवळ सामावून जातात, आणि त्या घरात पाऊस एकच. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर एका गावी १०० मिलिमीटर आणि चार कोसांवर कोरडे ठणठणीत, असा अनुभव ज्या तालुक्यात नेहमीचा आहे तेथे अशा चौकोनी भाकिताचा उपयोग मर्यादितच राहणार.

अनिर्णित बाबी

या प्रश्नावरील निरीक्षणांची बाजू आता पूर्वीपेक्षा पुष्कळ बळकट झाली आहे. न्यू-ओलेसुनच्या खाडीत भारताची बुडीत उपकरणे जुलै २०१४ पासून पाण्याचे तापमान व क्षारता नोंदवीत आहेत. भारताने मार्च २०२२ मध्ये आर्क्टिकविषयक धोरण जाहीर केले. आणि पूर्वी केवळ उन्हाळ्यात चालणाऱ्या हिमाद्रीवर डिसेंबर २०२३ पासून हिवाळी मोहिमाही जाऊ लागल्या. ध्रुवाची अतिरिक्त ऊब हिवाळ्यातच परमावधीस जात असल्याने ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. हिमालयातील स्पिती भागात २०१६ पासून चालू असलेल्या ‘हिमांश’ ठाण्यामुळे तिसऱ्या ध्रुवाच्याही नोंदी जमू लागल्या आहेत.

तरीही मुख्य अडचण काळाची आहे, आणि ती कोणत्याही उपकरणाने सुटणारी नाही. उत्तर अटलांटिकच्या पृष्ठाचे तापमान साठ-सत्तर वर्षांच्या मंद फेऱ्याने वरखाली होते व मान्सूनवर त्याची छाया पडते, असे जुन्या नोंदींवरून दिसते. उपग्रहांच्या नोंदी अजून पन्नास वर्षांच्याही नाहीत. म्हणजे बर्फाचा आणि आपल्या पावसाचा संबंध ज्या कालखंडात तपासला जात आहे, त्यात या फेऱ्याचे एकही आवर्तन पूर्ण झालेले नाही, आणि कारा समुद्राचा सहसंबंध हा स्थायी नियम आहे की त्या आवर्तनाच्या एका चढावरचा योगायोग, हे ठरविण्यास निदान २०४० चे दशक उजाडावे लागेल. परंतु आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार, २०५० पूर्वी किमान एका सप्टेंबरात उत्तर ध्रुवसमुद्र जवळजवळ बर्फरहित, म्हणजे १० लाख चौरस किलोमीटरहून कमी बर्फाचा, होण्याचा बराच संभव आहे. ज्या राशीच्या चढउतारावरून हा नियम सिद्ध करावयाचा, ती राशीच तोवर सप्टेंबर महिन्यापुरती शून्याच्या जवळ गेलेली असेल, आणि मग सहसंबंध काढण्यासाठी चढउतारच शिल्लक राहणार नाहीत. या पेचावर कोणती पद्धती वापरावी याविषयी अभ्यासकांत अद्याप एकवाक्यता नाही.